एकाच नावाच्या दोघी आणि हातचे गेलेले ४८ तास: रशियन रुग्णालयातलं एक प्रकरण

हे प्रकरण रशियातल्या एका शहर रुग्णालयाच्या मेडिसिन विभागातलं आहे. मी तेव्हा तिथे वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आमच्या गटाची पोस्टिंग त्याच विभागात होती. माणसं आणि जागा ओळखू येतील असे तपशील काढले आहेत. ज्या दोघींभोवती सगळं फिरलं त्यांनाही बदललेलं नाव दिलं आहे. औषधं, वेळा आणि निर्णय यांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

हा किस्सा पुढच्या बॅचमधल्या मुलांकडून मी बऱ्याचदा ऐकला. "नव्या डॉक्टरनं पेशंट सोडून झाडलोट करणाऱ्या बाईचाच ईसीजी काढला!" एवढं सांगून झालं की सगळे पोट धरून हसतात आणि किस्सा संपतो. हसण्यासारखं त्यात आहेच, तेव्हा आम्हीही हसलो. पण त्या ईसीजीमुळे एका आजींच्या उपचारांची ठरलेली वेळ टळली, हा भाग किश्श्यातून गळून गेला आहे. तो परत जागेवर बसवावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

रशियात पूर्वी सहा वर्षांच्या शिक्षणानंतर एक वर्षाची 'इंटर्नातुरा' असायची. २०१७ साली ती बंद झाली. आता पदवी आणि पात्रता परीक्षा झाली की डॉक्टर पॉलिक्लिनिकमध्ये कामाला लागू शकतो. विशेषज्ञ व्हायचं असेल तर 'ऑर्डिनातुरा' करावी लागते, बहुतेक विषयांत दोन वर्षांची. आपल्याकडचे रेसिडेंट तसे तिथले ऑर्डिनेटर. वॉर्डातल्या जुन्या नर्स मात्र त्यांना अजूनही इंटर्नच म्हणतात.

आमच्या विभागात तेव्हा दोन ऑर्डिनेटर होते. एक मुलगी वर्षभर तिथेच काम करत होती. दुसरा मुलगा त्याच आठवड्यात दुसऱ्या विभागातून बदलून आला होता. हुशार, कष्टाळू, सांगितलेलं काम धावत जाऊन करणारा, पण वॉर्डातली माणसं त्याच्या ओळखीची नव्हती.

तिथल्या दोन पद्धती माहीत नसतील तर पुढचं नीट कळणार नाही. एक म्हणजे पेशंटला रुग्णालयाचे कपडे नसतात. घरून आणलेला फुलाफुलांचा गाऊन, वर लोकरी स्वेटर, पायात घरच्याच सपाता. बाहेरचे बूट घालून वॉर्डात शिरायला मनाई असल्यामुळे भेटायला येणारेही सपाता आणतात किंवा बुटांवर प्लॅस्टिकची खोळ चढवतात. पलंगावर बसलेली साठीची बाई पेशंट आहे, पाहुणी आहे की कामावरची आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

दुसरी पद्धत हाक मारण्याची. मोठ्या माणसाला तिथे आडनावानं हाक मारत नाहीत, स्वतःचं नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं पितृनाम जोडून बोलतात. पेशंटशीही तसंच बोलायचं, तो आदराचा भाग आहे. पण एका पिढीत ठरावीक नावं फार चालली. त्यामुळे सत्तरीच्या बायकांच्या वॉर्डात एकाच नावाच्या आणि एकाच पितृनामाच्या दोघी निघणं अगदी रोजचं. आपल्या प्रकरणातल्या दोघींना आपण नीना पेत्रोव्हना म्हणू. एक ७१ वर्षांच्या पेशंट. दुसरी विभागातली सानितार्का, म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डातल्या मावशी. पुढे मी त्यांना मावशीच म्हणणार आहे.

अडचण काय होती

सप्टेंबर महिना होता. शहराबाहेरच्या दाचावर, म्हणजे छोट्या घराभोवतीच्या शेतजमिनीवर, बटाटे काढायची घाई सुरू होती. सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला पोती ओढताना नीना पेत्रोव्हनांच्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. परतीची लोकल त्याच वेळची असल्यामुळे वेळ त्यांच्या पक्की लक्षात होती. त्यांनी तशाच अवस्थेत बटाटे घरी आणले, रात्र काढली आणि मंगळवारी सकाळी १०३ वर फोन करून रुग्णवाहिका बोलावली.

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन होतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटलेला, ठोके अनियमित, मिनिटाला १४०च्या आसपास. आधीपासून उच्च रक्तदाब. सकाळी साडेनऊला त्या विभागात दाखल झाल्या. तोवर साडेचौदा तास झाले होते.

या आजारात घड्याळ फार महत्त्वाचं असतं. ताल सुटला की वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते. त्यानंतर ताल परत जुळवला तर ती गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते, म्हणजे पक्षाघात. म्हणून त्या वेळचा नियम असा होता की सुरुवात ४८ तासांच्या आत झालेली असेल आणि रक्त गोठू न देणारं औषध सुरू असेल, तर ताल लगेच जुळवता येतो. ४८ तास उलटले की आधी तीन आठवडे ते औषध द्यायचं, नाहीतर अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून गुठळी नाही याची खात्री करायची. २०२४च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनी ही मुदत आणखी आवळून २४ तासांवर आणली आहे.

नीना पेत्रोव्हनांची मुदत बुधवारी संध्याकाळी सातला संपत होती. मंगळवारी सलाईनमधून ताल जुळवणारं अमिओडारोन सुरू झालं, सोबत रक्त गोठू न देणाऱ्या एनॉक्सापारिनची इंजेक्शनं. त्यांच्या डॉक्टर अनुभवी होत्या. त्यांनी आखलेली योजनाही चोख होती: बुधवारी दुपारी ईसीजी काढायचा, ताल जुळला नसेल तर चार वाजता आयसीयूत नेऊन भूल देऊन विजेचा झटका द्यायचा. भूलतज्ज्ञांची वेळ घेतली होती. पेशंटला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं.

नेमकं काय घडलं

बुधवारी सकाळी सहा नंबरच्या खोलीत खिडकीवरून वाद झाला. तिथल्या खिडक्यांना वरच्या बाजूला एक छोटी झडप असते. एका आजींना ती उघडी हवी होती, तर नीना पेत्रोव्हनांना वाऱ्याचा झोत नको होता. रशियात झोताची भीती किती खोलवर आहे हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. मोठ्या सिस्टरनी वाद मिटवला आणि नीना पेत्रोव्हनांना चार नंबरच्या खोलीत हलवलं. नर्सच्या टेबलावरच्या यादीत पेन्सिलीनं दुरुस्तीही केली. ऑर्डिनेटरच्या खिशातल्या चिठ्ठीवर मात्र 'खोली ६, नीना पेत्रोव्हना, ईसीजी' असंच राहिलं.

दुपारी दोन ते चार ही विश्रांतीची वेळ. वॉर्डात शांतता, दिवे मंद. मावशींची त्या दिवशी सुट्टी होती, पण कर्मचाऱ्यांची दरवर्षीची सक्तीची तपासणी चालू होती आणि त्यांचा ईसीजी राहिला होता. कोणीतरी त्यांना "थांबा, बोलावतो" म्हणून सांगितलं होतं. सहा नंबरमध्ये त्यांच्या गावची एक बाई दाखल होती. मावशी तिच्याशी गप्पा मारत शेजारच्या रिकाम्या पलंगावर बसल्या. अंगावर स्वेटर, पायात सपाता. तो पलंग सकाळपर्यंत नीना पेत्रोव्हनांचा होता.

दोन वाजून वीस मिनिटांनी ऑर्डिनेटर ईसीजीची ट्रॉली ढकलत आत आला.

"नीना पेत्रोव्हना?"

"हो, मीच."

"तुमचा ईसीजी काढायचाय."

"काढा की! सकाळपासून वाट बघतेय."

दोघांनीही एक अक्षर खोटं सांगितलं नाही. मावशी आडव्या झाल्या. लाल, पिवळी, हिरवी, काळी अशा क्रमानं चिमटे लागले आणि पट्टी निघाली. सुरेख सायनस रिदम, म्हणजे हृदयाचा नेहमीचा नियमित ताल, ठोके ६८. जुनं यंत्र पट्टीवर नाव छापत नव्हतं. ऑर्डिनेटरनं डॉक्टरांच्या खोलीत येऊन नीना पेत्रोव्हनांचा केस पेपर उघडला, त्यावरचं आडनाव आणि जन्मसाल पट्टीवर लिहिलं आणि पट्टी आत चिकटवली.

त्यांच्या डॉक्टर तेव्हा एकाच वेळी तीन नव्या पेशंटना बघत होत्या. त्यांनी पट्टी हातात घेतली, तिच्याकडे बघितलं, हुश्श केलं आणि आयसीयूला फोन करून चार वाजताची वेळ रद्द केली. पेशंटची नाडी कोणी बघितली नाही. दिवसभर उपाशी असलेल्या नीना पेत्रोव्हनांना चार नंबरमध्ये जेवण गेलं: वाफवलेलं कटलेट आणि लापशी. तिथे हृदयरोग्यांच्या आहाराला अजून 'दहा नंबरचं टेबल' म्हणतात. मानुइल पेव्झनर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवलेली ती क्रमांकांची पद्धत कागदोपत्री बदलली तरी स्वयंपाकघराच्या तोंडून गेलेली नाही.

"ताल जुळला तुमचा," असं सांगितल्यावर नीना पेत्रोव्हना म्हणाल्या, "पण आत अजून उड्या मारतंय." नर्सनं त्यांना समजावलं की दोन दिवसांची भीती आहे, जाईल हळूहळू, आणि मन शांत व्हायला कोर्व्हालोलचे थेंब दिले.

संध्याकाळी पाच वाजता आमच्या गटातली मराठवाड्यातली एक मैत्रीण त्यांच्याकडे गेली. आम्हाला एकेका पेशंटची सविस्तर केस लिहून द्यावी लागायची आणि तिच्या वाट्याला नीना पेत्रोव्हना आल्या होत्या. तिनं रीतसर एका मिनिटाची नाडी मोजली, मग स्टेथोस्कोपनं ठोके मोजले. नाडी ८८, हृदय १०४, दोन्ही पूर्ण अनियमित. ही तफावत म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनची पाठ्यपुस्तकी खूण. तिनं ती वहीत लिहिली. मग केस पेपर उघडला तर आत सायनस रिदमची पट्टी आणि डॉक्टरांची सही.

मुदत संपायला अजून दोन तास होते. तिला वाटलं आपलंच मोजणं चुकलं असेल. शिवाय आमचं शिक्षण इंग्रजीतून चाललेलं. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांत परदेशातलं शिक्षण इंग्रजी माध्यमातून असावं, किमान ५४ महिन्यांचं असावं आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप व्हावी अशी अट आहे. पेशंट आणि नर्स मात्र रशियनच बोलतात. पेशंटची विचारपूस करण्याइतकी रशियन तिला येत होती, पण सही केलेल्या निदानाला आव्हान देण्याइतकी येते असं तिला वाटत नव्हतं. सकाळी सरांना विचारू, असं ठरवून ती होस्टेलवर आली.

गुरुवारी सकाळच्या बैठकीत ऑर्डिनेटरनं सांगितलं की अमिओडारोनवर ताल जुळला. सगळ्यांनी माना डोलावल्या. या बैठकीचं नावच 'पाच मिनिटांची' आहे. त्या दिवशी मात्र ती लांबली आणि विभागप्रमुखांचा राउंड साडेनऊला सुरू झाला.

चार नंबरमध्ये प्रमुखांनी नीना पेत्रोव्हनांची विचारपूस करत त्यांचं मनगट हातात घेतलं. बोलता बोलता ते थांबले. मिनिटभर हात सोडला नाही. मग वळून त्यांनी विचारलं, "ताल कोणाचा जुळला म्हणालात?"

पुढचा अर्धा तास विसरता येण्यासारखा नाही. नवा ईसीजी काढला तर त्यात एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर म्हणाल्या, काल जुळला आणि रात्री पुन्हा सुटला असेल. दुसरी ऑर्डिनेटर म्हणाली, चिमटे उलटे लागले असतील. प्रमुखांनी दोन्ही पट्ट्या खिडकीजवळ नेऊन शेजारी धरल्या. एकीत वर्षानुवर्षांच्या रक्तदाबानं जाड झालेल्या हृदयाच्या खुणा होत्या, दुसरीत त्यांचा मागमूस नव्हता. चिमटे उलटे लावून हृदयाची भिंत पातळ होत नाही. राहता राहिलं यंत्र. ते तपासायला प्रमुख स्वतः तपासणीच्या पलंगावर आडवे झाले, पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली आणि म्हणाले, "काढा माझा." पट्टी निघाली. गडबडीत ऑर्डिनेटर ती त्याच केस पेपरमध्ये ठेवणार, तेवढ्यात मोठ्या सिस्टरनी ती त्याच्या हातातून ओढून घेतली आणि वर ठळक अक्षरात प्रमुखांचं आडनाव लिहिलं.

नेमक्या त्याच क्षणी बादली आणि पोतेरं घेऊन मावशी दारात आल्या. विभागप्रमुख पँट वर करून झोपलेले, भोवती पाच जण. मावशींनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, माझा कालचा ईसीजी कुठाय? तपासणीवाल्या बाई त्याशिवाय सही देत नाहीत."

खोलीत आधी शांतता झाली, मग हशा उसळला. प्रमुखही हसले. फक्त तो ऑर्डिनेटर हसला नाही, तो भिंतीला टेकून उभा होता. आणि आमच्या मैत्रिणीनं आपली वही उघडून कालचं पाच वाजताचं पान प्रमुखांसमोर धरलं.

समोर कोणते पर्याय होते

हसणं थांबल्यावर प्रमुखांनी घड्याळाकडे बघून मोजलं. सोमवार संध्याकाळपासून ६२ तास उलटून गेले होते.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की आजच झटका द्यावा. गुठळी रोखणारं औषध पंधराव्या तासालाच सुरू झालं होतं, मग ४८ची रेघ एवढी घट्ट कशाला धरायची? हा युक्तिवाद कच्चा नव्हता. पण बुधवारी दुपारी 'ताल जुळला' म्हणून इंजेक्शन बंद करून गोळ्या लिहिल्या गेल्या होत्या आणि गोळ्या फार्मसीतून गुरुवारी सकाळी आल्या. म्हणजे बुधवार रात्रीचा डोस पोटातही गेला नव्हता आणि दंडातही. औषधाची साखळी तुटली होती. प्रमुखांनी नकार दिला आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. त्यांनी अमिओडारोनही थांबवलं, कारण औषधानं ताल जुळला तरी गुठळी सुटण्याचा धोका तोच राहतो. ही गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांच्या डोक्यात तोवर नीट बसली नव्हती. धोका विजेत आहे असंच आम्ही धरून चाललो होतो.

दुसरा पर्याय अन्ननलिकेतून सोनोग्राफीचा. त्यासाठी लागणारं उपकरण या रुग्णालयात नव्हतं. ते प्रदेशाच्या मुख्य हृदयरोग केंद्रात होतं, तिथे लांबची रांग होती आणि पेशंटची तब्येत तातडीनं हलवण्याइतकी बिघडलेली नव्हती.

तिसरा पर्याय निवडला गेला. ठोक्यांचा वेग बिसोप्रोलॉलनं आटोक्यात ठेवायचा, गुठळी रोखणारी गोळी न चुकता घ्यायची आणि तीन आठवड्यांनी ठरवून ताल जुळवायचा. वय, रक्तदाब आणि स्त्री असणं धरून पक्षाघाताच्या धोक्याचा गुणांक ३ येत होता. त्यामुळे ताल जुळला असता तरी ही गोळी त्यांना दीर्घकाळ लागणारच होती.

याहून अवघड प्रश्न औषधांचा नव्हता. पेशंटला सांगायचं का, आणि केस पेपरमध्ये काय लिहायचं? एका डॉक्टरांनी सुचवलं की 'पुन्हा अनियमितता आढळली' एवढं लिहिलं तरी खोटं ठरणार नाही. ऑर्डिनेटरला तर वाटत होतं की आपलं शिक्षण संपलं.

काय केलं

प्रमुखांनी चुकीची पट्टी फाडली नाही. ती केस पेपरमध्येच ठेवून तिच्यावर 'ही पट्टी या पेशंटची नाही' असं तारीख, वेळ आणि सहीसह लिहिलं. खाली बुधवारचा रद्द झालेला निर्णय आणि सुटलेला डोस, दोन्ही नोंदवले. वैद्यकीय उपसंचालकांकडे लेखी कळवलं. मावशींना ती पट्टी दिली नाही, कारण तिच्यावर दुसऱ्या बाईचं आडनाव होतं. त्यांचा ईसीजी नव्यानं काढला. तो आधीसारखाच छान आला.

मग ते ऑर्डिनेटर आणि डॉक्टर दोघांना घेऊन नीना पेत्रोव्हनांच्या पलंगापाशी जाऊन बसले आणि घडलं ते सरळ शब्दांत सांगितलं. काल तुमचा म्हणून जो ईसीजी बघितला तो दुसऱ्या बाईंचा होता, त्यामुळे कालचा उपचार झाला नाही, आता तीन आठवडे थांबावं लागेल, आणि तुम्ही 'आत उड्या मारतंय' म्हणालात ते खरं होतं.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ते कटलेट मला त्या बाईच्या हृदयामुळे मिळालं?" प्रमुख म्हणाले, "हो, नीना पेत्रोव्हना." त्या हसल्या. पण थोड्या वेळानं ऑर्डिनेटर परत जायला वळला तेव्हा त्याला थांबवून म्हणाल्या, "मी सांगत होते तेव्हा कोणी ऐकलं नाही, बाळा. ते लक्षात ठेव."

परिणाम

चार दिवसांनी ठोक्यांचा वेग आटोक्यात आल्यावर त्या घरी गेल्या. तीन आठवडे गोळ्या घेऊन परत आल्या, झटका दिला आणि ताल पहिल्याच प्रयत्नात जुळला. पक्षाघात झाला नाही. पण ते तीन आठवडे त्यांना जिना चढताना धाप लागत होती, दाचावरचं उरलेलं काम शेजाऱ्यांना करावं लागलं, आणि दुसऱ्यांदा दाखल व्हावं लागलं. 'काही झालं नाही' असं या प्रकरणाबद्दल म्हणतात ते मला पटत नाही.

विभागात दोन बदल झाले. ईसीजी काढायच्या आधीच, यंत्रापाशी उभं राहून, पट्टीच्या सुरुवातीला पेशंटनं स्वतः सांगितलेलं आडनाव आणि जन्मतारीख लिहायची. आणि मनगटावरचे नावाचे पट्टे, जे तोवर फक्त शस्त्रक्रियेच्या पेशंटना मिळायचे, ते मेडिसिन विभागालाही मिळाले. ऑर्डिनेटरला महिनाभर विभागातले सगळे ईसीजी काढायचं काम लागलं. आमची मैत्रीण पुढे भारतात परीक्षा पास झाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयाचा क्षण 'नीना पेत्रोव्हना?' हा प्रश्न. नाव आपण उच्चारलं की समोरच्याला फक्त 'हो' म्हणायचं उरतं. कानानं कमी ऐकणारी, गुंगीतली, किंवा मावशींसारखी दुसऱ्याच कामासाठी थांबलेली व्यक्ती 'हो'च म्हणणार. 'तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा,' असं विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ सालीच सांगितलं आहे की पेशंटची ओळख किमान दोन गोष्टींवरून पटवावी आणि खोली किंवा पलंगाचा क्रमांक त्यात धरू नये. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत इंटर्नशिपला जाणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. आपल्याकडे नावाच्या गोंधळापेक्षा 'बेड नंबर बाराची शुगर बघ' हा गोंधळ जास्त, आणि बाराचा पेशंट दुपारी खिडकीजवळच्या सोळावर गेलेला असतो.

दुसरा क्षण पट्टीवर नाव लिहिण्याचा. त्यानं नाव केस पेपरवरून उतरवलं. त्यामुळे पट्टी आणि कागद एकमेकांशी जुळले, माणूस मात्र कोणाशीच जुळवला गेला नाही. यानंतर ज्यानं ज्यानं तो कागद बघितला त्याला शंका यायचं कारणच उरलं नाही.

तिसरा क्षण आयसीयूला केलेला फोन, आणि मला सगळ्यात जड हाच वाटतो. ठरलेला उपचार रद्द करताना चार नंबरपर्यंत चालत जाऊन बोटं मनगटावर ठेवायला दोन मिनिटं लागली असती. ती कमी पडली कारण एकाच बाईवर एकाच वेळी तीन नवे पेशंट टाकले होते. असं असताना महिनाभराची शिक्षा फक्त ऑर्डिनेटरच्या वाट्याला आली, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. त्याची चूक पकडायला वर अनुभवी माणसं होती. त्यांच्यावरच्या कामाच्या ओझ्याबद्दल एकही बदल झाला नाही.

चौथा, पेशंटचं बोलणं. त्या स्वतः सांगत होत्या. कोर्व्हालोल देण्याआधी नाडी बघितली असती तर तीन वाजता सगळं उघड झालं असतं. फक्त जेवण झालेलं असल्यामुळे भूल देण्यासाठी काही तास थांबावं लागलं असतं, आणि सातच्या आत बसवणं फार कठीण होतं.

पाचवा क्षण पाच वाजताच्या वहीचा. आमच्या मैत्रिणीला मी दोष देत नाही. पोटभर जेवलेल्या पेशंटला दोन तासांत भूल देणं तसंही अवघड होतं. पण तिनं तेव्हा सांगितलं असतं तर निदान रात्रीचं इंजेक्शन सुटलं नसतं, साखळी तुटली नसती आणि गुरुवारी डॉक्टरांचा युक्तिवाद मान्य करता आला असता. तिला बोलता आलं नाही, कारण विद्यार्थ्यानं संध्याकाळी पाचनंतर कोणाला सांगायचं हेच कोणी सांगितलं नव्हतं. सर घरी गेलेले, ड्यूटीवरचे डॉक्टर अनोळखी, आणि नर्सला सांगायचं तर 'सही झाली आहे' हे उत्तर ठरलेलं.

त्या प्रसंगानंतर आमच्या गटानं आपापसांत एक गोष्ट ठरवली आणि आमच्यामागून आलेल्या मराठी मुलांनाही ती सांगितली. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी ड्यूटी डॉक्टरचा अंतर्गत फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. आणि चार रशियन वाक्यं पाठ करायची: मी अमुक वर्षाचा विद्यार्थी, अमुक खोलीतले पेशंट, मला आत्ता हे आढळलं, कृपया येऊन बघा. व्याकरण चुकलं तरी चालेल. कागदावर काय लिहिलंय याचा उल्लेख त्या वाक्यांत मुद्दाम ठेवलेला नाही.